पांढऱ्या चौकटीखालचें नांव

या सदरांतून घरगुती उपयोगाच्या यंत्रांविषयीं व साधनांविषयीं आम्ही अधूनमधून लिहीत असतों. तें वाचून एकदोन भगिनींनीं असें विचारलें आहे कीं, लग्नमुंजीची पत्रिका, उद्यापनाचें निमंत्रण, वडिलांच्या साठीशांतीची पुस्तिका असलीं कामें संगणकावर घरच्या घरीं करावयाचीं म्हटलीं, तर तीं आम्हांस जमण्यासारखीं आहेत काय? अक्षरें टाइप करतां येतात, परंतु चौकटी, वेलबुट्टी, पानेंफुलें हीं काढतां येत नाहींत, अशी त्यांची अडचण आहे. एरवीं या प्रश्नाचें उत्तर आम्हीं चार ओळींत दिलें असतें. परंतु गेल्या माघांत आमच्या घरीं मुंज झाली, तिची पत्रिका आमच्या पुतणीनें घरींच आंखली, आणि त्या पत्रिकेपायीं जें कांहीं घडलें, तें चार ओळींत मावण्यासारखें नाहीं.

आमचें घर चंद्रपुरास, जटपुरा दरवाजाच्या आंत. परकोटाच्या दरवाजांवर गोंड राजांचें चिन्ह कोरलेलें आहे; हत्तीवर चाल करून गेलेला सिंह. धाकट्या बंधूंचें म्हणणें असें पडलें कीं, पत्रिकेवर तेंच घ्यावें, म्हणजे पत्रिका कोणत्या गांवची तें पाहतांच कळेल. यावर आमच्या मोठ्या काकू म्हणाल्या, “अरे, मुंज आहे कीं लढाई? बटूच्या हातीं पळसाचा दंड द्यावयाचा. पळस काढा.” काकूंचें वय आज ८४ वर्षांचें. आमची आई आम्ही सात वर्षांचे असतांना गेली. तेव्हांपासून आमचीं जेवणें, आजारपणें, परीक्षा आणि पुढें आमच्या मुलांचीं बाळंतपणें हीं सर्व काकूंनींच निभावलीं. काकांना जाऊन तर चाळीस वर्षें होऊन गेलीं. तेव्हां पळस ठरला.

पळसाला पानें तीनच, हें आपण सर्वच म्हणतों. पण तीं तीन सारखीं नसतात, हें आम्हांस पुतणी चित्र काढूं लागली तेव्हां समजलें. मधलें पान दोन्ही अंगांनीं समान असतें, देंठाकडे निमुळतें आणि टोंकाकडे रुंद व बोथट. कडेचीं दोन तिरपीं असतात; त्यांची बाहेरची बाजू फुगीर, आंतली सपाट. अंगणापलीकडच्या झाडाचें एक पान तोडून तिनें तें टेबलावर ठेविलें, आणि संगणकावर मधल्या पानाचा केवळ उजवा अर्धा भाग काढला. त्याची आरशांतली प्रतिमा करून दोन्ही अर्धे जोडले, व एकजीव केले. कडेचें पान एकदांच काढलें व त्याचीहि तशीच उलटी प्रत घेतली. दीड पान काढून तीन पानें पदरांत! हाताच्या चित्रकलेंत आम्हांला शाळेंत नेहमीं काठावर गुण मिळाले. त्यामुळें हा हिशोब आम्हांस फारच आवडला.

पान काढतांना नवशिका एक चूक हटकून करतो. तो कागदावर पेन्सिल फिरवावी तसा माउस फिरवितो, आणि पानाच्या कडेवर शेंदोनशें बिंदु पडून ती करवतीसारखी दिसूं लागते. फोटो देऊन यंत्राकडून आपोआप रेघ काढून घेतली तरी हीच गत होते. खरी रीति अशी कीं, वळण जेथें पालटतें तेवढ्याच ठिकाणीं बिंदु द्यावा. अर्ध्या पानाला तीन बिंदु पुरे झाले. प्रत्येक बिंदूला दोन दांडे फुटतात. दांडा ज्या दिशेस ओढावा त्या दिशेनें रेघ निघते, आणि दांडा जितका लांब तितकी ती त्या दिशेस अधिक वेळ रेंगाळते. ही विद्या मुळांत मोटारींच्या कारखान्यांतली आहे. पॅरिसच्या सित्रोएन कारखान्यांत पॉल द कास्तेल्ज्यो यांनीं १९५९ सालीं आणि रनॉ कारखान्यांत पियेर बेझिए यांनीं त्यानंतरच्या दशकांत मोटारीच्या पत्र्यांचीं वळणें गणितांत बसविण्यासाठीं ती स्वतंत्रपणें शोधून काढली. नांव मात्र बेझिए यांचें राहिलें. या वक्ररेषेनें शुद्ध वर्तुळ काढतां येत नाहीं, ही गोष्ट गणिताची आवड असलेल्या वाचकांस मौजेची वाटेल. चार तुकडे जोडून जें वर्तुळ होतें, तें त्रिज्येच्या दहा हजारांत सुमारें तीन भाग इतकें चुकतें. आपल्या पत्रिकेवरच्या टिकलीस इतकी चूक माफ असावी.

चौकोन व वर्तुळ काढण्याचीं साधनें निराळीं दिलेलींच असतात. कंट्रोलची कळ दाबून ओढलें म्हणजे चौकोन समभुज होतो व लंबगोलाचें वर्तुळ होतें. शिफ्टची कळ दाबली म्हणजे आकृति कोपऱ्याऐवजीं मध्यापासून वाढते. आपल्या घरांतल्या मुलींना ठिपक्यांच्या रांगोळीची संवय आहे, त्यांना पुढचें सांगावें लागत नाहीं. पडद्यावर ठिपक्यांची जाळी आंखतां येते, आणि आकृति जवळ नेली कीं ती आपण होऊन ठिपक्यास चिकटते.

आमच्या पुतणीनें तीन पानांचा एक झुबका केला, तो एकत्र बांधला, आणि त्याच्या प्रती काढून पत्रिकेच्या चारी कडांनीं पेरल्या. बांधणें म्हणजे काय तें सांगावयास हवें. तीन पानें सुटीं ठेवलीं व एकास धक्का लागला, तर झुबका मोडतो. निवडून गट केला म्हणजे तीं एका देंठावर असल्याप्रमाणें सरकतात. प्रतींमधील अंतर डोळ्यांनीं मोजूं नये. पहिली व शेवटची जागेवर ठेवून सर्व निवडावीं आणि समान अंतरावर वांटून देण्याची आज्ञा करावी. ओळींत लावतांना कोरल ड्रॉमध्यें एक लक्षांत ठेवावें: शिफ्ट दाबून एकामागून एक निवडीत गेलों, तर जी आकृति शेवटीं निवडली तिच्याशीं बाकीच्या जुळतात. हें ठाऊक नसल्यामुळें आमच्या पुतणीचे सर्व झुबके एकदां पत्रिकेच्या तळाशीं धांवत गेले होते. दुसरी गोष्ट रेघेच्या जाडीची. आकृति लहान केली म्हणजे रेघ आपण होऊन बारीक होतेच असें नाहीं. तसा पर्याय निवडावा लागतो. न निवडल्यास पानाच्या शिरा एकमेकींस चिकटून काळा ठिपका होतो. उलट ‘हेअरलाइन’ नांवाची जी केसासारखी रेघ पडद्यावर सुबक दिसते, ती छपाईच्या यंत्राला जमेल तितकी बारीक उमटते. इंचांत २५४० ठिपके काढणाऱ्या यंत्रावर तिची जाडी मिलिमीटरचा शंभरावा भाग! ती दिसणार कोणाला?

हा कार्यक्रम पुतणीकडे आहे तो कॉलेजांत शिकविला गेला म्हणून. आमच्या भागांतल्या छापखान्यांतूनहि त्याचाच चाल आहे. ज्यांना खर्च करावयाचा नाहीं, त्यांना इंकस्केप फुकट मिळतो व वर सांगितलेलें बहुतेक सर्व त्यांतहि होतें.

आतां मुख्य गोष्टीकडे येतों. पडद्यावरच्या आकृती एका पातळीवर नसतात. जी आधीं काढली ती खालीं, जी मागाहून काढली ती वर, अशी त्यांची चळत असते. काकूंचें माहेर ब्रह्मपुरीचें. त्यांच्या लहानपणीं घरांत कार्य निघालें कीं आठ दिवस आधीं पळसाचीं पानें येत आणि बायका पत्रावळी लावावयास बसत. पुतणीच्या पाठीमागें बसून त्या हें काम पाहत होत्या. चळतीचा प्रकार समजल्याबरोबर त्या म्हणाल्या, “म्हणजे पत्रावळच. कोणतें पान कोणाच्या वर घ्यावयाचें हें चुकलें, कीं वरण खालीं गळतें.” आमच्या पुतणीस तीन महिन्यांच्या वर्गांत जें नीटसें उमगलें नव्हतें, तें काकूंना एका दृष्टिक्षेपांत उमगलें.

शिशाच्या खिळ्यांच्या काळीं ही भानगड नव्हती. जावजी दादाजींच्या निर्णयसागरांत किंवा कोणत्याहि छापखान्यांत खिळे जुळवितांना एका जागीं एकच धातु बसे. कोरी जागासुद्धां धातूचीच, फक्त ठेंगणी. जुळाऱ्याच्या हातून नांव गळे, अक्षर उलटें बसे, ओळ वांकडी होई. पण कोरी जागा एखाद्या नांवाच्या अंगावर चढून बसली, असें होणें शक्य नव्हतें. १९८५ सालीं आल्डस कंपनीचा पेजमेकर निघाला, १९८९ सालीं कोरल ड्रॉ आला, आणि टेबलावर बसून पान लावण्याची सोय झाली. तिच्याबरोबर हा नवा धोकाहि घरांत आला.

पत्रिकेची पार्श्वभूमि फिकट हिरव्या पानांची होती. तळाशीं स्थळ व मुहूर्त यांची एक चौकट होती. पानांवरून अक्षरें नीट वाचतां यावींत म्हणून पुतणीनें तिच्यांत पांढरा रंग भरला होता. चौकटीच्या वर ‘आपले विनीत’ म्हणून घरांतल्या वडील मंडळींचीं नांवें. हीं नांवें लावतांना आम्हीं वडिलांच्या वेळची एक जुनी पत्रिका समोर ठेविली आणि तिचाच क्रम उचलला. पुरुष वयाच्या क्रमानें, त्यांच्याबरोबर सौभाग्यवती, आणि ‘श्रीमती’ सर्वांत खालीं. घरांत वयानें पहिल्या असलेल्या काकूंचें नांव अशा रीतीनें शेवटच्या ओळींत गेलें. त्या वेळीं कोणालाहि कांहीं वाटलें नाहीं. आम्हांसहि नाहीं.

छापखान्याकडून निरोप आला कीं, खालची चौकट कागदाच्या कडेस फार जवळ आहे, कापतांना जाईल. ती थोडी वर घ्या. आम्हींच पुतणीला सांगितलें, “घे वर.” तिनें चौकट व तिच्यांतला मजकूर यांचा गट बाणाच्या कळीनें सहा मिलिमीटर वर सरकविला. चौकट सर्वांत शेवटीं काढलेली, म्हणून चळतींत सर्वांत वर; तिची पांढरी जागा काकूंच्या नांवावर आली. नांवांची यादी एका ओळीनें आधीं संपली इतकेंच. मोकळें कांहीं दिसलें नाहीं, तुटलेलें कांहीं दिसलें नाहीं. घरांतल्या पांच जणांनीं पडद्यावर पत्रिका तपासली. प्रत्येकानें आपापलें नांव वाचलें. काकूंना चष्मा लावून वाचा, असें कोणीं म्हटलें नाहीं. पुढें अक्षरांच्या आकृती करून टाकल्या, म्हणजे छापखान्याच्या संगणकावर आपला टंक नसला तरी मराठीचा इंग्रजी कचरा होऊं नये. आणि तीनशें प्रती छापून आल्या.

चंद्रपुरांतल्या चाळीसएक घरीं पत्रिका देऊन झाल्या. पौषाच्या शेवटच्या आठवड्यांत काकूंना घेऊन आम्ही मूल, सिंदेवाही, नागभीड असे ब्रह्मपुरीस गेलों. माहेरचें पहिलें निमंत्रण त्यांनीं स्वतःच्या हातानें द्यावें अशी त्यांची इच्छा होती. काकूंच्या भाच्यानें अक्षता घेतल्या, पत्रिका उघडली आणि माजघरांतल्या मंडळींना ऐकूं जावी म्हणून मोठ्यानें वाचावयास घेतली. नांवें वाचीत वाचीत तो शेवटास आला, थांबला, कागद उलटून मागें पाहिलें. मग त्यानें आमच्याकडे पाहिलें. तो कांहीं बोलला नाहीं, परंतु माहेरच्या माणसांचें तें पाहणें आम्हीं जन्मांत विसरणार नाहीं. काकूंनीं पाणी मागितलें. त्यांच्या वहिनीनें “बसा हो, पोहे करितें” म्हणून विषय पालटला.

आम्हांस पहिली आठवण झाली ती त्या चाळीस घरांची. तेथें हें कोणाच्या लक्षांत आलें नसेल असें नाहीं. लक्षांत आलें असेल, आणि त्यांनीं मनाशीं कांहींतरी कारण लावून घेतलें असेल.

मोटारींत बसल्यावर काकू म्हणाल्या, “पोरीवर ओरडूं नको. तिनें गाळलें नाहीं. पानाखालीं पान गेलें असेल.” आम्हांस त्यांचें म्हणणें समजलें नाहीं, आमची समजूत अशी कीं छापखान्यानें नांव गाळलें. काकू म्हणाल्या, “मग उघडून पाहा कीं.”

ब्रह्मपुरीहून वैनगंगेचा पूल ओलांडला कीं गडचिरोली जिल्ह्यांतलें वडसा लागतें. १९८२ सालीं चंद्रपुरांतून हा जिल्हा वेगळा निघाला तरी नातींगोतीं नदीच्या दोन्ही तीरांस आहेतच. वडसा हें झाडीपट्टीच्या रंगभूमीचें माहेरघर. दिवाळीपासून होळीपर्यंत येथल्या नाटक मंडळ्या चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया, भंडारा या जिल्ह्यांतल्या गांवोगांवीं जातात; नाटक रात्रीं उशिरां उभें राहतें आणि उजाडेपर्यंत चालतें. या रंगभूमीवरचे परशुराम खुणे यांना २०२३ सालीं पद्मश्री मिळाली, तेव्हां कोठें पुण्यामुंबईच्या पुष्कळांना तिचें नांव कळलें. हंगाम ऐन भरांत होता, आणि ओळखीच्या एका गृहस्थांच्या संगणकाच्या दुकानांत नाटकांच्या जाहिराती लावण्याचें काम दिवसरात्र चाललें होतें. आम्ही काकूंना घेऊन तेथेंच गेलों. पुतणीला फोन करून पत्रिकेची मूळ फाइल मागविली.

ती येईपर्यंत आम्ही त्यांचें काम पाहत बसलों. एका कागदावर दहाबारा नट, नटी, गायक, विनोदी पात्रें; प्रत्येकाचा चेहरा निराळ्या फोटोंतला. आधीं रिकामी चौकट किंवा चांदणी काढावयाची व फोटो तिच्यांत घालावयाचा. आकृतीच्या बाहेरचा भाग आपोआप झांकला जातो, कापावा लागत नाहीं. चेहरे लहानमोठे करणें हें कौशल्याचें काम खरें, परंतु कोणाचा केवढा करावयाचा हें त्यांच्या हातीं नसतें. तें मंडळी ठरवून देते, आणि त्यांत बोटभर फरक झाला तरी रात्रीं फोन येतो. यासाठीं ते गृहस्थ कागद छापण्यास देण्यापूर्वीं एक नेम पाळतात. रंग, भर, फोटो सर्व घालवून आकृतींच्या नुसत्या कडा दिसतील असें दृश्य घेतात. कोरल ड्रॉमध्यें त्याला वायरफ्रेम म्हणतात, इंकस्केपमध्यें आउटलाइन. त्यांत कोणीहि कोणास झांकूं शकत नाहीं. घराची भिंत काढून आंतलीं माणसें मोजावीं तसें तें आहे. शिवाय टॅबची कळ एकेकदां दाबीत गेल्यास प्रत्येक आकृति पाळीपाळीनें निवडली जाते, मग ती दिसो वा न दिसो. एखादी निवडल्याची खूण उमटली आणि तेथें कांहीं दिसत नसलें, तर खालीं कोणीतरी आहे असें समजावें.

फाइल आली. त्यांनीं कडांचें दृश्य घेतलें, आणि स्थळाच्या चौकटीच्या आंत, मुहूर्ताच्या ओळीच्या डोक्यावर काकूंचें संपूर्ण नांव उभें राहिलें. ‘श्रीमती’सकट, एकहि मात्रा न हरवतां. काकूंनीं वांकून पाहिलें व “हें बघ,” एवढेंच म्हणाल्या.

गृहस्थांनीं चौकट चळतींत खालीं पाठविण्यासाठीं हात पुढें केला. आम्हीं त्यांना थांबविलें. चौकट खालीं गेली असती तर नांव दिसलें असतें खरें, पण स्थळाच्या ओळीवर पडलें असतें. आणि तें पुन्हां शेवटींच राहिलें असतें. आम्हीं विचारलें, तें नांव यादीच्या आरंभीं नेतां येईल काय? अक्षरांच्या आकृती झालेल्या असल्यामुळें तें नव्यानें टाइप करावयाचें नव्हतें. एका पळसपानाप्रमाणें उचलून नेलें कीं झालें. त्यांनीं बाकीचीं नांवें एकत्र निवडून एक ओळ खालीं घेतलीं, काकूंचें नांव वर ठेविलें, डाव्या कडा जुळविल्या आणि अंतरें समान वांटलीं. चौकट पुन्हां कडेस न नेतां तिची उंचीच तीन मिलिमीटर कमी केली, पार्श्वभूमीचीं पानें किंचित् दाटीनें बसविलीं, आणि सर्व मावलें. या कामास पंधरा मिनिटें लागलीं. आम्हीं पैसे विचारले तेव्हां त्यांनीं, “आजींचें नांव आहे,” म्हणून घेतले नाहींत. मागच्या बाजूस एका विनोदी नटाचा चेहरा अर्धा छापून थांबला होता, तो मात्र आमच्यामुळें थांबला होता, हें सांगावयास हवें.

त्यांच्या लेसर छपाईयंत्रावर दहा प्रती निघाल्या. कागद पातळ होता आणि रंगहि मूळ पत्रिकेसारखा नव्हता. दिवेलागणीस पूल ओलांडून आम्ही पुन्हां ब्रह्मपुरीस गेलों. काकूंनीं भाच्याच्या हातांतली पहिली पत्रिका मागून घेतली, चार घड्या घालून कमरेला खोंचली आणि नवी दिली. त्यानें या खेपेस ती मनांतल्या मनांत वाचली. चंद्रपुरास परतल्यावर तीनशें प्रती नव्यानें छापून घेतल्या आणि त्या चाळीस घरीं आम्ही स्वतः दुसऱ्यांदा गेलों. दोन ठिकाणीं आम्हांस चहा घेतांना बराच वेळ बसवून ठेवलें, आणि मग हळूच सांगितलें कीं, पहिल्या पत्रिकेवरून त्यांच्या घरांत चर्चा झालीच होती.

पुतणी चार दिवस कोणाशीं बोलली नाहीं. काकूंनींच तिला नवी पत्रिका घेऊन जवळ बसविलें, चष्मा लावला, आणि अथपासून इतिपर्यंत बोट फिरवून पाहिली. स्वतःच्या नांवावर बोट क्षणभरहि थांबलें नाहीं. मग डाव्या कोपऱ्यांतल्या झुबक्यावर टेकवून त्या म्हणाल्या, “हें पान उपडें लागलें आहे. देंठ वर आला बघ.” पुतणीनें पाहिलें. कोपऱ्यांत वळवितांना झुबका खरेंच उलटा बसला होता, आणि तीनशें प्रती तशाच छापून झाल्या होत्या.